पालथा हात

“लाव आता. चपला काढून लाव,” ताई म्हणाली.

भाऊंनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उघडे पाय ठेवले आणि कॅम्परच्या दाराच्या दांडीला हात पालथा करून टेकवला. चाळीस वर्षं ते असाच हात लावत आले होते. तळहाताने कधी लावायचा नाही, कारण करंट असला तर मूठ आवळते आणि सुटता सुटत नाही. पालथा हात कसा, लागलं की आपोआप मागे झटकला जातो. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, आणि त्यांनीही हाताखालच्या माणसांना पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

“काही नाही,” भाऊ म्हणाले.

“काहीच नाही?”

“अगं, नुसतं लोखंड आहे.”

ताईने दोन बोटं पुढे केली, दांडीला लावली आणि झटकन मागे घेतली. मग त्याच हाताने चष्मा सारखा केला. “मला मुंग्या आल्या. आत्ता, तुझ्यासमोर.”

“तू आधीच घाबरून हात लावतेस. घाबरलेल्या माणसाला लाकडातसुद्धा करंट लागतो.”

यावर ताई हसेल असं भाऊंना वाटलं होतं. ती हसली नाही. आपल्या बोटांकडे बघत ती शांतपणे म्हणाली, “बरं. मग विकते मी गाडी.”

भाऊंची मोठी बहीण आठ दिवसांपूर्वी हा कॅम्पर घेऊन त्यांच्या अंगणात येऊन उतरली होती. उतरली म्हणजे गाडीतच राहिली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, अंघोळीला गरम पाणी, सगळं होतं. छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तिने आणि दाजींनी मिळून हौसेने तो घेतला होता. पहिल्याच मोठ्या प्रवासात, अर्ध्या वाटेवर, दाजी आजारी पडले आणि दोघं परत फिरली. त्यातच ते गेले, त्याला आता अकरा महिने झाले होते. दाजी गेले, गाडी राहिली. राहिलेला अर्धा रस्ता एकटीने पुरा करायचा असं ताईच्या मनाने घेतलं होतं, आणि निघण्याआधी भावाकडे आठवडाभर मुक्काम करून गाडीची डागडुजी करून घ्यायची होती. घरचाच वायरमन असताना बाहेर कशाला जायचं, असा तिचा साधा हिशेब.

आणि वायरमन कसा, तर सगळी गल्ली ज्याला ‘टेस्टर’ म्हणते असा. एका मोठ्या इस्पितळाच्या वीज विभागात भाऊंची सगळी नोकरी झाली. तिथे बाकीच्यांच्या खिशाला टेस्टर लटकलेला असे, भाऊंच्या खिशाला कधी नाही. टेस्टरचा दिवा फसवतो, हात फसवत नाही, असं ते म्हणत आणि हात लावून दाखवत. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मुद्दाम चेष्टेने एक मल्टिमीटर, विजेचा दाब मोजायचं यंत्र, भेट दिला होता. खोक्यावरचा चकचकीत कागदसुद्धा भाऊंनी फाडला नव्हता. चार वर्षं तो कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली पडून होता. गल्लीतले गीझर, पंप, इस्त्र्या मात्र रोज त्यांच्या हाताखालून जात होत्या.

ताई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली वीज गेली. मीटरशेजारच्या पेटीतला ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की फटकन पडणारा स्विच, पडला होता. भाऊंनी तो वर केला, तो पुन्हा पडला. दुपारी वर केला, राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. कॅम्परची वायर काढली की राहायचा, लावली की पडायचा, आणि दुपारनंतर लावली तर मुकाट राहायचा. भाऊंनी प्लग बदलला. वायरचं टोक कापून नव्याने जोडलं. अंगणातलं सॉकेट उघडून स्क्रू आवळले. आवळताना दोन स्क्रू हातातून निसटून गवतात गेले, तेव्हा हल्ली स्क्रू फारच बारीक बनवायला लागलेत म्हणून कंपनीचा उद्धारही केला. सगळीकडे हात लावून बघितला. कुठे काही नव्हतं.

“ईएलसीबी म्हातारा झालाय,” त्यांनी निकाल दिला आणि कॅम्परची लाइन त्या स्विचला वळसा घालून, त्याच्या आधीच घेतली.

“म्हणजे आता काही झालं तरी पडणार नाही?” बायकोने विचारलं.

“पडायला आधी काही झालं तर पाहिजे ना.”

तेव्हापासून वीज गेली नाही. पण दुसऱ्याच दिवसापासून ताईची कुरबुर सुरू झाली. दाराला हात लावला की मुंग्या येतात. ओट्याच्या कडेला मनगट टेकलं की बारीक चावतं. कधी येतं, कधी नाही. भाऊ जायचे, हात लावायचे, काही नाही म्हणून परत यायचे. दिवसातून तीनदा हा कार्यक्रम.

“वन्सं, तुम्ही आत झोपायला या बघू,” भाऊंची बायको म्हणायची. “एकटं माणूस चोवीस तास त्या डब्यात बसलं की असं काहीबाही वाटायला लागतं. अजून वर्षसुद्धा झालं नाही.” ती मनाने वाईट नव्हती. ताईने आता एकटीने कुठे जाऊ नये असं तिला खरोखर वाटत होतं. भाऊंनाही वाटत होतं. ताई आल्यापासून संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून दोघं लहानपणीच्या गोष्टी काढायची. कोणी कोणाची पाटी फोडली, बाबांनी कोणाला जास्त मारलं. भाऊंना लहान म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. ते तिकडे कुठल्या घाटात एकटं गाडी चालवणार, ही कल्पनाच त्यांना नको वाटायची.

म्हणून सकाळी ताई विकते म्हणाली तेव्हा भाऊंना आधी सुटल्यासारखं वाटलं. ते खोटं कशाला बोला.

“नसलेला करंट जिला लागतो, त्या बाईने एकटीने गाडी काढू नये,” ताई म्हणाली. “मी वॉर्डात असे पेशंट बघितलेत. त्यांना पण सगळं खरंच वाटत असतं. आपल्याला होत नाही, असं मला वाटायचं.”

चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने ताई आल्यापासून दोनदा गाडीची चौकशी केली होती. ताईने त्याला फोन लावला. दुपारी चारला येतो म्हणाला. मग ताईने फोन भाऊंकडे दिला, कारण त्याला विजेचं विचारायचं होतं.

“इलेक्ट्रिकल एकदम ओके,” भाऊ म्हणाले. “मी स्वतः हात लावून बघितलंय.”

“तुम्ही बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला, भाऊ,” पलीकडून आवाज आला.

त्यानंतर मात्र भाऊंचा जीव एका जागी ठरेना. जेवायला बसले, दोन घास खाऊन उठले. शेजारणीचा पंखा दुरुस्तीला येऊन पडला होता, तो उघडला, तीन स्क्रू काढले आणि चौथा न काढताच झाकून ठेवला. अंगणात गेले, कॅम्परभोवती एक फेरी मारली. आत आले. परत गेले. त्यांना काय टोचत होतं ते त्यांना नीट माहीत होतं. ताईचा हात. दांडीवरून तो ज्या तऱ्हेने मागे आला ती तऱ्हा. भीतीने माणूस हात मागे घेतो तो खांद्यापासून घेतो, सावकाश. करंटने जातो तो मनगटापासून उडतो आणि माणसाला मागाहून कळतं. नव्या पोरांना पहिल्यांदा लागलं की हात कसा उडतो, हे भाऊंनी शेकडो वेळा बघितलं होतं. ताईचा हात मनगटापासून उडाला होता. पण मग आपला का उडाला नाही?

“जरा बसा की एका जागी,” बायको म्हणाली. “घरात वाघ फिरतोय असं वाटतंय.”

“बसलोय,” भाऊ म्हणाले आणि उभेच राहिले.

अडीचच्या सुमाराला ताई गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर पडली. गिऱ्हाईक येणार तर गाडी जरा बरी दिसावी म्हणून बायको पडदे आणि चादरी धुवायला आणायला निघाली. हात नुकतेच भांड्यातून काढलेले, ओले. पायात काही नाही. भाऊ खिडकीशी उभे होते. तिने दांडी धरली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तीस वर्षांच्या संसारात भाऊंनी ऐकला नव्हता. ती दोन पावलं मागे जाऊन फरशीवर बसली.

भाऊ धावले. “पडलीस? लागलं?”

“अहो, यात करंट आहे,” ती म्हणाली. दुसऱ्या हाताने तिने उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. “चांगला लागला. इथपर्यंत, खांद्यापर्यंत आला.”

भाऊंनी तिथल्या तिथे चपला उडवल्या आणि दांडीला पालथा हात लावला. काही नाही. पाण्याने बोटं ओली करून लावला. काही नाही. चारही बोटं दाबून धरली. बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि हिला आपलं उगाच वाटतंय असं म्हणायची सोय उरली नव्हती. ती काही अकरा महिन्यांपूर्वी विधवा झालेली नव्हती आणि एकटी डब्यात राहत नव्हती. आत्ताच भांडी घासून आलेली धडधाकट बाई होती.

ते घरात गेले. कपाटातले लोकरीचे कपडे खाली टाकले, खोकं काढलं, कागद दातांनी फाडला. रिमोटमधले सेल काढून मल्टिमीटरमध्ये घातले. एक सळई दाराच्या दांडीला लावली, दुसरी कॅम्परच्या बाजूला मातीत खोल ठोकलेल्या खिळ्याला. पडद्यावर आकडे भराभर हलले आणि एके ठिकाणी थांबले. एकशे सदतीस.

मीटरच खराब असेल. चार वर्षं पडून होता. भाऊंनी घरातल्या सॉकेटमध्ये सळया घातल्या. दोनशे एकतीस, अगदी जितके हवेत तितके. परत अंगणात. एकशे सदतीस. त्यांनी सळई तशीच धरली आणि मोकळा हात पालथा करून दांडीला लावला. पडद्यावर एकशे सदतीस होते आणि हातात काहीही नव्हतं. दांडी उन्हाने तापलीये की गार आहे, तेही बोटांना सांगता येईना.

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर हळूच दांडीला टेकवलं.

लागलं. सगळं अंग शहारलं आणि कोपर आपोआप मागे आलं. ओळखीचं, जुनं, बारीक चावणारं. इतके दिवस ताई जे सांगत होती, तेच. भाऊंनी पुन्हा हात लावला, काही नाही. पुन्हा कोपर लावलं, चावलं. दोनदा, तीनदा त्यांनी तेच केलं. शेवटी बायकोने येऊन त्यांचा दंड धरला तेव्हा थांबले.

“बंद करा ना आधी ते,” ती म्हणाली.

भाऊंनी मेन बंद केला आणि पायरीवर बसले. डॉक्टर शुगरच्या तपासणीला दर वेळी विचारायचे, हातापायांना बधिरपणा वगैरे काही? भाऊ दर वेळी नाही म्हणायचे. बटणं लवकर लागत नाहीत हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण दोष बटणांचा होता. स्क्रू पडतात हे सांगितलं नव्हतं, कारण दोष स्क्रूचा होता. आता ते आठवत होते की हे किती दिवसांचं असेल. वर्ष? दोन वर्षं? आणि या दोन वर्षांत आपण कोणाकोणाच्या घरी हात लावून काही नाही म्हणून आलो. कोपऱ्यावरच्या म्हातारीचा गीझर. बालवाडीतला पाण्याचा कूलर, ज्याला दिवसभर लहान लहान ओले हात लागतात.

“एक सांगू?” बायको शेजारी बसत म्हणाली. “वन्संना यातलं काही सांगू नका.”

भाऊंनी तिच्याकडे बघितलं.

“विकतायत ना, विकू देत. त्या माणसाला हवं तर मागनं सांगू, दुरुस्त करून घे म्हणून. आज तुम्ही हे सांगितलंत की त्या परत जायचं काढतील. एकट्या. सहासष्ट वय आहे त्यांचं. रस्त्यात काही झालं तर कोण आहे?” ती उजवा खांदा चोळत होती. “आणि गल्लीत तरी कशाला कळायला हवं. तुम्ही आपले हळूच एकेकाकडे जाऊन बघून या.”

यातला एकही शब्द भाऊंना परका नव्हता. ती बोलायच्या आधीच तो सगळा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

“बघू,” ते म्हणाले, आणि उठून कामाला लागले. बसून राहिलं तर वेड लागेल असं त्यांना वाटत होतं.

जे पहिल्या दिवशी करायचं ते त्यांनी आता केलं. मेन पुन्हा चालू करून कॅम्परमधली एकेक वस्तू सुटी केली आणि प्रत्येक वेळी मीटर बघितला. फ्रिज काढला, आकडा तोच. बॅटरीचा चार्जर काढला, किंचित उतरला. पाणी तापवायच्या टाकीची वायर काढली आणि आकडा धाडकन खाली आला. टाकीतलं कॉइल फुटलं होतं आणि वीज गाडीच्या पत्र्यात उतरत होती. पण नुसतं तेवढ्याने कोणाला लागायला नको होतं. पत्र्यात आलेली वीज अर्थिंगच्या तारेने परस्पर जमिनीत जायला हवी होती. मग ती का गेली नाही? भाऊंनी मेन बंद केला, कुदळ घेतली आणि भिंतीच्या कोपऱ्यात उकरायला सुरुवात केली. घर बांधलं तेव्हा अर्थिंगचा खड्डा त्यांनीच केला होता. वीतभर खाली गेल्यावर तार हाताला आली. ती ओढली तशी सहज वर आली. टोक गंजून केव्हाच तुटलं होतं.

आता सकाळचं कोडंही सुटलं. बायको रोज सकाळी झाडांना पाणी घालायची, ते वाहत कॅम्परच्या लोखंडी टेकूंपर्यंत जायचं, आणि जमीन ओली झाली की वीज त्या वाटेने गळायची. म्हातारा ईएलसीबी इमानेइतबारे पडत होता. दुपारी जमीन वाळली की त्याला पडायचं कारण नसायचं. घरात खरं बोलणारी दोनच होती, तो स्विच आणि ताई, आणि भाऊंनी दोघांनाही कामातून काढलं होतं.

चार वाजायला पाच मिनिटं असताना ताई फाटकातून आत आली. तिच्यामागेच ड्रायव्हिंग स्कूलवाला. जाडजूड, हसतमुख माणूस. आल्या आल्या त्याने कॅम्परभोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली, दांडी धरून दार उघडलं. मेन बंद होता, त्यामुळे त्याला काहीच लागलं नाही.

“मस्त आहे,” तो म्हणाला. “शिकाऊ पोरींना विश्रांतीला होईल. भाऊंनी इलेक्ट्रिकलची गॅरंटी दिलीये म्हटल्यावर मी काय बघणार.”

ताईने पायरीवर कागद पसरले आणि पर्समधून पेन काढलं. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून तिने त्यावर डाव्या हाताचा पंजा ठेवला. पेनचं टोपण काढताना तिने गाडीकडे बघितलं नाही. सगळं आवरून झालेल्या माणसासारखी ती बसली होती.

“कुठे करायची सही?” तिने विचारलं.

“थांब, ताई,” भाऊ म्हणाले.

बायकोने दारातून त्यांच्याकडे बघितलं आणि पदराने हात पुसत राहिली. भाऊंच्या गुडघ्यांना माती लागली होती. हातात अजून ती गंजकी तार होती.

“तुला लागत होतं ते खरं होतं,” ते म्हणाले. “रोजच. गाडीच्या अंगावर करंट होता. एकशे सदतीस व्होल्ट. आज मीटर लावला तेव्हा कळलं.”

ताईने पेन तसंच धरून ठेवलं.

“पाण्याच्या टाकीचं कॉइल गेलंय. ते नवीन बसवलं की झालं, तासाभराचं काम आहे. गाडी चांगली आहे. अर्थिंग तुटलं होतं ते माझ्या घरचं. आणि ईएलसीबी पडत होता तो बरोबर पडत होता. त्याला मी काढून टाकला.”

“मग तुम्ही हात लावून बघितलं म्हणालात ते?” ड्रायव्हिंग स्कूलवाला गोंधळला होता. त्याने दांडीवरचा हात केव्हाच काढून घेतला होता.

“लावला होता. दिवसातून तीनदा लावला होता,” भाऊ म्हणाले. “माझ्या हाताला कळत नाही. बोटं मेलीयेत माझी.”

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने घड्याळात बघितलं, कोणाला तरी क्लासला सोडायचंय असं काहीसं पुटपुटला आणि नंतर फोन करतो म्हणून निघाला. फाटक लावताना त्याने आधी बोटाने त्याला जरासं शिवून बघितलं.

ताई उठली नाही. तिने पेनला टोपण लावलं. “इतके दिवस मी स्वतःला वेडी समजत होते,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, हे गेल्याने माझं डोकं फिरलं. काल मी आमच्याकडच्या एका डॉक्टरणीचा नंबर शोधून ठेवला होता. मनाच्या डॉक्टरणीचा.”

“हो, ताई.”

“हो काय हो? अरे, मी सांगत होते ना तुला. रोज सांगत होते. तू माझ्यासमोर उभा राहून हसायचास.” तिचा आवाज चढला नाही, पण पेन तिने पायरीवर आपटलं. “मेले असते तर?”

भाऊ मातीत उभे राहिले आणि त्यांनी तिला बोलू दिलं. बोलून झाल्यावर तिने गाडीच्या दाराकडे बघितलं. मग तिने कागद गोळा केले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि बाह्या वर सारल्या.

“चल. काय करायचंय ते कर. मीटर मी बघते.”

दोघं कामाला लागली. भाऊंनी फुटकं कॉइल काढून बाजूला ठेवलं. नवीन मिळेपर्यंत टाकी बंदच राहणार होती. अर्थिंगची तार घासून चकचकीत केली, नव्या पट्टीला आवळली, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. कॅम्परची लाइन परत ईएलसीबीच्या पुढून घेतली. बारीक स्क्रू पडायला लागले तेव्हा ताईने ते त्यांच्या हातातून घेतले आणि स्वतः बसवले. सुई धरणारी बोटं होती तिची, एकही पडला नाही. मेन चालू केला. स्विच राहिला.

“किती?” भाऊंनी विचारलं.

“शून्य.”

“नीट बघ.”

“शून्य, शून्य.”

भाऊंचा हात सवयीने पालथा होऊन दांडीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो खाली घेतला. ताईने ते बघितलं. मग तिनेच आपला हात पुढे केला, तसाच पालथा, आणि दांडीला लावून ठेवला.

“काही नाही,” ती म्हणाली.

भाऊंनी मान हलवली आणि हत्यारं गोळा करायला लागले. पक्कड पिशवीत टाकली, परत बाहेर काढली, पुसली, परत टाकली. “उद्यापासून एकेक घर तपासतो,” ते म्हणाले. “म्हातारीचा गीझर आत्ताच बघून येतो. बालवाडी उघडायच्या आधी कूलर. एकूण किती झाली असतील कोणास ठाऊक. आठवायला पाहिजे. लिहून काढतो.” ते निघालेच होते.

“पाच मिनिटं बस,” ताई म्हणाली.

“अगं, म्हातारी संध्याकाळी गरम पाणी घेते.”

“मी फोन करून सांगितलंय, गीझरला हात लावू नको म्हणून,” बायको दारातून म्हणाली. “बालवाडीच्या बाईंनाही सांगितलंय.” भाऊंनी तिच्याकडे बघितलं, तर ती आत निघून गेली होती.

ताईने त्यांना कॅम्परच्या पायरीवर बसवलं. स्वतः आतून शिवणाचा डबा घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. त्यांचा उजवा हात तिने आपल्या गुडघ्यावर घेतला आणि उताणा केला. चेहरा एकदम नर्सचा झाला होता, बहिणीचा राहिला नव्हता. भाऊंना ते बरं वाटलं.

“डोळे मीट. टोचलं की हो म्हण. बाकी काही बोलू नकोस.”

भाऊंनी डोळे मिटले. आत बायको बादलीत पडदे घुसळत होती, त्याचा आवाज येत होता. रस्त्यावरून कोणी सायकल नेली. गुडघा एकसारखा हलत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला. म्हातारीनंतर कोण, त्यानंतर कोण, अशी घरं ते मनात मोजत राहिले. ताई चष्मा शोधत असेल. नाहीतर सुईच सापडली नसेल, तिच्या डब्यात नेहमी पसारा असायचा.

“कर ना सुरू,” ते म्हणाले.

ताई बोलली नाही. भाऊंनी डोळे उघडले. पाचही बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके उमटले होते, तळव्यावर दोन ओळींत आणखी कितीतरी, आणि ताईच्या चिमटीतली सुई मनगटापाशी पोचली होती.